हात कुठे थांबवायचा

फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून बसलेला खांदा, ओळखायला मला बहुतेक वेळा एकच हालचाल पुरते. कोपर कमरेला टेकवायचं, काटकोनात वाकवायचं आणि पंजा अंगापासून बाहेर वळवायचा. निरोगी खांदा ६० अंशांपर्यंत सहज जातो. आखडलेला २० वर थांबतो, कधी १० वर, कधी पंजा समोरून हलतच नाही. मग मी म्हणते, "आता हात सैल सोडा, मी वळवते," आणि माझ्या हातातही तो तिथेच थांबतो. निदान या 'तिथेच'मध्ये असतं. खांद्याचा स्नायूबंध फाटलेल्या माणसाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो. इथे दुसऱ्याचंही काही चालत नाही. हाडावर हाड टेकल्यावर लागतो तसला टणक अडथळा हा नव्हे. तो चिवट असतो, आधी किंचित दबतो आणि मग ठाम उभा राहतो. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायच्या आधी बोटांना ते कळलेलं असतं.

रुग्ण मात्र खांदा दाखवतच नाही, दंड दाखवतो. बाहेरच्या बाजूला, खांद्यावरचा मोठा स्नायू जिथे हाडाला येऊन मिळतो तिथे तो बोट ठेवतो. मलम तिथेच चोळलेलं असतं, शेकही तिथेच घेतलेला असतो. सांध्याची वेदना इथे जाणवते, कारण दोन्ही जागांच्या संवेदना मानेतल्या साधारण एकाच नसेच्या वाटेने वर जातात आणि मेंदूला नेमकं ठिकाण ठरवता येत नाही. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाजवळ स्वतःची एक उपपत्ती असते. कुणी हातावर झोपलेलं असतं, कुणाला जड बॅग उचलताना लचक भरलेली असते, कुणी मानेचा एमआरआय घेऊन आलेलं असतं. डावा खांदा असेल तर ईसीजी काढून झालेला असतो, आणि ते योग्यच आहे. डाव्या हातात अचानक कळ, सोबत घाम आणि धाप असेल तर माझ्याकडे यायचंच नाही, आधी हॉस्पिटलात पळायचं.

मग खांद्याचा एक्स-रे निघतो आणि तो स्वच्छ असतो. "काही नाही, सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य डॉक्टर दिलासा म्हणून बोलतात. रात्रीमागून रात्र उठून बसलेल्या बाईला मात्र प्रश्न पडतो, म्हणजे माझं हे दुखणं खोटं आहे का? एक्स-रेत काही दिसत नाही, कारण बिघाड हाडात नसतोच. तरी तो काढून घ्यायचा असतो. सांध्याची झीज झाली असेल किंवा खांदा मागे निखळून तसाच अडकला असेल तरीही हात बाहेर वळणं अगदी असंच थांबतं, आणि तशा खांद्यावर माझे हात नुकसानच करतील.

बिघाड असतो सांध्याभोवतीच्या आवरणात. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि खवाट्याची उथळ खोबण यांना वेढून एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. खांदा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे, तो या पिशवीच्या सैलपणामुळेच. हात खाली सोडलेला असताना काखेकडे तिची चक्क एक घडी पडलेली असते. हात वर गेला की ती उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये आधी या पिशवीला आतून सूज येते, मग तंतू तयार करणाऱ्या पेशी जास्तच कामाला लागतात, पिशवी जाड होते, आकसते आणि काखेतली घडी नाहीशी होते. धुण्यात आटलेला सदरा घालून हात वर करून पाहावा, तसा प्रकार. निरोगी पिशवीत १५ मिलिलिटर किंवा त्याहून जास्त द्रव मावतो, आखडलेल्या खांद्यात अनेकदा १० मिलिलिटरही मावत नाही. आकसण्याचा जोर असतो तो पुढच्या-वरच्या भागात, कोराकोह्युमरल लिगामेंटच्या (खवाट्यापासून दंडाच्या हाडाकडे जाणाऱ्या चिवट पट्ट्याच्या) आसपास. हात बाहेर वळवताना नेमका तोच भाग ताणला जातो, म्हणून माझी पहिली चाचणी तीच.

हा आजार आज ज्या नावाने ओळखला जातो ते नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. नाव देतानाच त्यांनी कबूलही केलं, की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि तो होतो कसा हे सांगणंही अवघड. मला हा माणूस आवडतो. उपचार केल्यावर रुग्ण खरोखर बरा झाला का, हे वर्षभराने पुन्हा तपासा आणि जाहीर करा, असा हट्ट धरून त्यांनी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. खांद्याच्या बाबतीत तो हट्ट किती रास्त होता, ते पुढे येईलच.

तो होतो कुणाला, हे मात्र बऱ्यापैकी माहीत आहे. साधारण ४० ते ६० वयात, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. एकूण लोकसंख्येत २ ते ५ टक्के, मधुमेह असेल तर प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. थायरॉइडच्या आजारातही वाढतं. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर हात आठवडेच्या आठवडे झोळीत राहिला तरी खांदा आखडतो. उरलेल्यांत काहीच कारण सापडत नाही. कारण नसलेला आखडलेला खांदा घेऊन कुणी आलं की मी शुगर तपासून घ्यायला सांगते. मधुमेहाचा पहिला सुगावा खांद्याने दिल्याची उदाहरणं दुर्मीळ नाहीत. आणि मधुमेह्यांचा खांदा सुटायलाही जास्त हट्टी असतो.

पुस्तकात या आजाराचे तीन टप्पे असतात: दुखण्याचा, अडकण्याचा आणि सुटण्याचा. पहिला काही महिन्यांचा, दुसरा काही महिने ते वर्षभराचा, तिसरा बहुतेकदा सगळ्यात लांब. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात आणि कॅलेंडर मला फारसं उपयोगी पडत नाही. मी विचारते ते वेगळंच. चुकून हात ओढला गेला तर ती कळ किती वेळ टिकते? दोन मिनिटांत विरते की संध्याकाळपर्यंत ठणकत राहते? रात्री त्या कुशीवर वळता येतं का? काहीही न करता नुसतं बसल्यावरही दुखतं का? खांदा किती चिडलेला आहे ते या उत्तरांवरून कळतं, आणि माझे हात आज काय करणार ते त्या चिडीवर ठरतं. तीच बाई, तोच कोन, पण चिड वेगळी असेल तर उपचार संपूर्ण वेगळा.

आता हातांकडे येते.

पहिलं काम सांध्यावर नसतंच. रुग्णाला चांगल्या कुशीवर झोपवते आणि दोन्ही हातांत खवाटा धरते. हात डोक्यावर सरळ नेण्याच्या १८० अंशांपैकी सुमारे १२० मुख्य सांध्यातून येतात आणि ६० खवाटा बरगड्यांवर सरकण्यातून. सांधा अडकला की खवाटा त्याचंही काम अंगावर घेतो. हात जरा उचलला की खांदा कानाकडे धावतो. महिनोन्‌महिने हे चालल्यावर मान आणि पाठीचा वरचा भाग दगड होतो, आणि "डोकं पण दुखतं हो मॅडम" ही तक्रार तिथूनच येते. खवाटा वर, खाली, आत, बाहेर हळूहळू फिरवत राहिलं की माणूस पहिल्यांदा श्वास सोडतो. याने सांधा एक अंशही उघडत नाही. तरी मी हे कधी गाळत नाही.

मग उताणं झोपवून हात माझ्या हातावर घेते. "हात मला द्या," म्हणते. "दिला," उत्तर येतं. मी आधार अलगद काढून घेते आणि हात हवेत तसाच राहतो. देणाऱ्याला खरंच वाटत असतं की आपण दिला आहे. आधी हसतात, मग चपापतात. दुखऱ्या सांध्याला स्नायू असे आवळून धरतात की मालकाला पत्ताही नसतो. या आवळण्याचा वाटा किती मोठा असू शकतो, ते २०१८ साली आलेल्या एका छोट्याशा पाहणीत दिसलं. शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर, अजून काहीही कापलेलं नसताना, डॉक्टरांनी रुग्णांचे हात उचलून पाहिले, तर जागेपणी जात होते त्यापेक्षा ते कितीतरी वर गेले. पाहिले होते फक्त पाच रुग्ण, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण मला रोज हाताखाली जे जाणवतं त्याच्याशी ते जुळतं. अडथळ्याचा काही भाग आकसलेल्या पिशवीचा असतो आणि काही भाग भीतीचा. पहिल्यावर जोर लावताना दुसरा वाढत असेल तर कमावलेलं सगळं तिथेच जातं.

हाताचं वजन मिळालं की खरं काम सुरू होतं. एक हात कोपराखाली, दुसऱ्या हाताचा तळवा सांध्याच्या अगदी जवळ, हाडाच्या माथ्यावर. मी हात उचलत नाही, वळवतही नाही. हाडाचा माथा खोबणीत काही मिलिमीटर सरकवते आणि परत येऊ देते. पुन्हा सरकवते. बघणाऱ्याला वाटावं की ही काहीच करत नाही. हात वर जायला हवा असेल तर माथा पायांच्या दिशेने सरकवायचा. हात बाहेर वळायला हवा असेल तर कुठल्या दिशेने, यावर आमच्यात बराच वाद झालेला आहे. गोल माथा आणि खोलगट खोबण यांच्या हिशेबाने तो पुढे सरकवायला हवा, आणि आम्ही शिकलो ते तसंच. २००७ सालच्या एका लहान अभ्यासात मात्र माथा मागे सरकवलेल्या गटाचा हात सरासरी सुमारे ३१ अंश जास्त वळू लागला, पुढे सरकवलेल्या गटाचा जेमतेम ३ अंश. त्यानंतर मी मागेच सरकवते. कागदावरची भूमिती खऱ्या खांद्यापुढे नेहमी टिकत नाही.

किती सरकवायचं, याला ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी चार पायऱ्या आखून दिल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर अडथळ्याला शिवायचंच नाही. त्याच्या अलीकडेच लहान किंवा मोठी हालचाल करत राहायची, हेतू फक्त दुखणं शांत करण्याचा. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अडथळ्यापर्यंत जायचं आणि त्याच्याशी झटायचं. कुठली पायरी घ्यायची हे ठरवताना माझं लक्ष दोन गोष्टींवर असतं: हाताला अडथळा कधी लागला, आणि रुग्णाला दुखायला कधी लागलं. अडथळा लागण्याआधीच चेहरा आक्रसला तर खांदा अजून सुजलेला आहे. तिथे पुढे जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. आधी अडथळा लागला, मग थोडं ओढल्यावर "इथे जरा ताणतंय" असं सावकाश उत्तर आलं, तर तो खांदा कामाला तयार आहे. तिथे मी जाते, थांबते, धरून ठेवते. कधी ही दोन्ही क्षणांची जागा एकच असते आणि मग खरी पंचाईत. अशा वेळी मी अलीकडचं घेते. एक सत्र वाया गेलेलं परवडतं, एक बिघडलेली रात्र आठवडा खाते.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न हाच असतो: रात्री झोप कशी लागली? टेबलावर १० अंश वाढले आणि रात्र बसून काढली, असं झालं असेल तर ते १० अंश मी धरत नाही.

इथे माझी सगळ्यात जास्त झटापट होते ती सहनशील माणसांशी. "मॅडम, तुम्ही जोर लावा, मी ओरडणार नाही," असं सांगणारे काका दर काही दिवसांनी भेटतात. दात आवळून, चादर मुठीत धरून पडलेला माणूस. त्यांना वाटतं मी बाईमाणूस, मला ताकद कमी पडते आहे. "काका, तुमचे दात आवळलेले आहेत तोवर तुमचा खांदाही आवळलेलाच राहणार," असं मी म्हणते, ते त्यांना पटत नाही. दुखल्याशिवाय बरं होत नाही, ही समजूत फार खोल गेलेली आहे, आणि घरच्यांची भर वेगळीच. कुणाचा तरी मुलगा व्हिडिओ पाहून वडिलांचा हात धरून वर ओढतो, 'कट' असा आवाज येतो आणि नंतरचे काही आठवडे मी फक्त तो खांदा शांत करत बसते.

दोष सगळा रुग्णांचा नाही. आमच्याच व्यवसायात जोर लावणाऱ्यांची परंपरा आहे. म्हणून २००४ साली नेदरलँड्समधून आलेला एक अभ्यास आम्हाला झोंबला. ७७ रुग्ण होते. एका गटाला दुखण्याच्या सीमेपलीकडे ताण देणारी जोरकस फिजिओथेरपी दिली. दुसऱ्याला आजार नीट समजावून सांगितला, दुखणार नाही इतपत व्यायाम दिले आणि बाकी खांद्याला त्याच्या गतीने जाऊ दिलं. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत चालत होता, पहिल्या गटातल्या ६३ टक्के लोकांचा. कॉडमनचा हट्ट मी म्हणत होते तो हाच. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं म्हणून हे दिसलं. सत्र संपल्यावर लगेच मोजलं असतं तर कदाचित जोरवाल्यांचीच टाळ्या वाजवून पाठवणी झाली असती.

याचा अर्थ हात लावूच नये असा काढणारेही आहेत, आणि तो मला मान्य नाही. नेदरलँड्समधूनच २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १०० रुग्णांवर मेटलंडच्या खालच्या आणि वरच्या पायऱ्यांची तुलना केली होती. दोन्ही गट सुधारले, वरच्या पायऱ्यांचा गट किंचित जास्त. फरक छोटा होता. माझा निष्कर्ष असा, की शेवटापर्यंत जाणारा हात उपयोगी आहे, फक्त खांदा शांत झाल्यावर. आणि हाताने मिळवलेले अंश रुग्णाने त्याच दिवशी वापरले नाहीत तर ते दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाहीत. टेबलावरच्या काही मिनिटांत पिशवीचे चिवट तंतू लांब होतात असं मला वाटत नाही. लगेच मिळतात ते अंश बहुतेक करून दुखणं आणि आवळणं कमी झाल्याचे. पिशवी बदलते ती महिन्यांच्या हिशेबात, रोजच्या वापराने.

घरचे व्यायाम सगळ्यांना माहीतच असतात: पुढे वाकून हात लंबकागत सैल झुलवायचा, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा बाहेर ढकलायचा, टॉवेल पाठीमागून ओढायचा, भिंतीवर बोटं चालवायची. दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं बरं. भिंतीच्या व्यायामाबद्दल मात्र एक सांगते, कारण तो सगळ्यांचा लाडका आहे आणि त्यात सगळ्यात जास्त फसवणूक चालते. भिंतीवर पेन्सिलने केलेली खूण रोज वर चढते, घरात आनंद होतो, आणि प्रत्यक्षात माणूस नुसता खांदा कानाकडे आणि टाचा जमिनीवरून उचलून उंच होत असतो. आरशासमोर करा, दोन्ही खांदे एका रेषेत ठेवा, खूण खाली आली तरी चालेल.

इंजेक्शनला लोक घाबरतात, आणि फिजिओथेरपिस्ट त्याविरुद्ध असेल अशी त्यांची अपेक्षा असते. मी नाही. सुरुवातीच्या, रात्री उठवणाऱ्या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टिरॉइड काही आठवडे दुखणं चांगलं कमी करतं आणि त्या मोकळ्या खिडकीत माझं काम सोपं होतं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वर जाते, तेवढं लक्षात ठेवून मोजत राहायचं. खांदा हटूनच बसला तर भूल देऊन हात फिरवणं किंवा दुर्बिणीतून पिशवी कापून मोकळी करणं हे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवर या दोन्हींची तुलना स्टिरॉइडसह आखीव फिजिओथेरपीशी केली गेली आणि २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: वर्षअखेरीला रुग्णाच्या दृष्टीने लक्षणीय ठरावा असा फरक कुठल्याच मार्गात नव्हता. म्हणून मी शस्त्रक्रिया हा शब्द शेवटी उच्चारते, पण उच्चारते.

सुटायला लागलेला खांदा ठरावीक क्रमाने सुटत नाही. पाठीमागे हात नेणं मात्र बहुतेकांचं शेवटी येतं. केस विंचरता येतात, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो, पण मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही किंवा पाठीवरचा हूक लावता येत नाही. कोनमापकापेक्षा याच गोष्टी मी वहीत लिहिते. अंशांच्या आकड्याने कुणाचा चेहरा फुललेला मी पाहिला नाही, हूक लागल्यावर पाहिला आहे.

आणि कधीतरी उपचार थांबवायचे असतात, जे सुरू करण्यापेक्षा अवघड आहे. हा आजार आपोआप पूर्ण बरा होतो, असं पूर्वी छातीठोकपणे सांगितलं जायचं. १९९२ साली आलेल्या एका पाहणीत, सरासरी सात वर्षांनीही निम्म्या लोकांना थोडंफार दुखणं किंवा आखडलेपण उरलेलं होतं. बहुतेकांचं ते सौम्य होतं. त्यामुळे शेवटचे १०-१५ अंश परत आणायचेच असा पण मी करत नाही. एका काकूंनी मला स्पष्टच विचारलं, "ते आले नाहीत तर माझं अडणार काय?" आम्ही दोघींनी मिळून बराच विचार केला, काही सापडलं नाही. त्यांना सुट्टी दिली.

त्याच काकू परवा पुन्हा आल्या, दुसरा खांदा घेऊन. एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा आखडत नाही, पण दुसऱ्या बाजूला हेच होण्याची शक्यता असते आणि ती मी त्यांना सांगून ठेवली होती. या वेळी त्या लवकर आल्या, हात अजून ४५ अंश बाहेर वळतो आहे, रात्रीचं दुखणं नुकतंच सुरू झालंय. मला वाटलं त्या म्हणतील, आता लगेच हाताने मोकळा करा. त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही फारसा हात लावणार नाही ना?" लावला तो फक्त खवाट्याला. लंबकाचे व्यायाम दिले, झोपताना हाताखाली उशी कशी ठेवायची ते दाखवलं, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल चिठ्ठी लिहिली आणि शुगरचा नवा रिपोर्ट घेऊन पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे.